सहा तासांचं अंतर

दर दोन-चार महिन्यांनी तोच मजकूर फिरत फिरत इंग्लंडमध्ये आमच्या फोनवर येऊन पडतो. एक आई गेलेली असते. मुलगा अमेरिकेत, नाहीतर इथं लंडनला. 'मी येतोय, तोवर थांबा' असं तो कळवतो. शेजारी दोन दिवस बर्फाच्या पेटीभोवती बसून राहतात, आणि शेवटी मुलाला विमान मिळत नाही म्हणून तो फोनवरच हात जोडतो. खाली तात्पर्य ठरलेलं: परदेशातल्या पोटच्या पोरापेक्षा शेजारचा परका बरा. शाळेच्या ग्रुपमधले, भावकीतले सगळे त्याखाली पसंतीचा अंगठा टाकून मोकळे होतात. त्यातल्या निम्म्यांची मुलं बंगळुरूला किंवा गुरगावला असतात, तो भाग वेगळा.

मला या मजकुराचा राग येतो. पहिली गोष्ट म्हणजे, थांबणं ही बेपर्वाई आहे हे कुणी ठरवलं? इथं माणूस गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंत्यविधी होतो. आधी डॉक्टरचा कागद मृत्यूचं कारण तपासणाऱ्या मेडिकल एक्झामिनरकडे जातो, मग पाच दिवसांच्या आत रजिस्ट्रारकडे नोंद, मग अंत्यविधीच्या परवानगीचा ग्रीन फॉर्म, मग क्रिमेटोरियमची वेळ. तोवर देह फ्युनरल डायरेक्टरकडे थंड खोलीत असतो. न्यूझीलंडहून लेक येते, कॅनडाहून भाऊ येतो, आणि कुणी कुणाला पातकी म्हणत नाही. क्रिमेटोरियमचा वेळ चाळीस मिनिटांचा असतो, पण त्या चाळीस मिनिटांत कुणीतरी उठून ती बाई आयुष्यभर काय करत होती ते सांगतं. कुठल्या शाळेच्या फाटकावर उभं राहून मुलांना रस्ता ओलांडून देत होती, चर्चच्या हॉलमध्ये गुरुवारी किती जणांचं सूप करत होती. आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागतो: 'मातृछत्र हरपले'. मोठा फोटो, खाली शोकाकुल म्हणून तीस नावं, त्यात नगरसेवकाचं नाव आईच्या नावापेक्षा ठळक. तिनं काय केलं याबद्दल एक ओळ नाही. हे बोललं की 'तिकडे राहून तिकडचेच झालात' असं उत्तर येतं.

दुसरी गोष्ट, ज्या परंपरेच्या नावानं आम्हाला बोललं जातं, तिनं दूर असलेल्या मुलाची सोय केव्हाच करून ठेवली आहे. परदेशी असलेल्या मुलाला आईवडील गेल्याची बातमी ज्या दिवशी कळेल, त्या दिवसापासून त्याचे दहा दिवस मोजावेत, असं धर्मशास्त्र सांगतं. देह मिळालाच नाही तर पळसाची ३६० पानं मांडून माणसाची आकृती करायची आणि तिच्यावर संस्कार करायचे, असा पालाशविधीही आहे. म्हणजे बोटी बुडायच्या, यात्रेला गेलेली माणसं वाटेत जायची, तेव्हाच्या लोकांना ठाऊक होतं की प्रत्येक आईच्या उशाशी तिचं मूल असेलच असं नाही. त्यांनी मुलाला शिव्या घातल्या नाहीत, त्याला विधी दिला.

इथवरचं माझं म्हणणं मला पक्कं वाटतं. पुढचं तितकं सोपं नाही, कारण त्या मजकुरातल्या आईबद्दल कुणीच काही बोलत नाही. ती फक्त पेटीत असते.

आमच्या पिढीच्या पुष्कळ आया तशा नव्हत्या. प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत एक बाई असते, जिच्या दाराआड खिळ्यांच्या ओळीवर पाच-सहा घरांच्या किल्ल्या लटकलेल्या असतात. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा धागा, कारण रात्री दिवे गेले तर टॉर्चच्या उजेडात नाव वाचण्यापेक्षा रंग लवकर दिसतो. एक लांबट वही असते. मागच्या पानापासून भिशीचा हिशेब: बारा जणी, महिना पाचशे, उचल सहा हजारांची. भिशी बुडते ती सुरुवातीला उचल घेणारीनं पुढचे हप्ते थांबवले की. म्हणून अशी बाई आपला नंबर मुद्दाम शेवटचा ठेवते. मधे कुणाचा हप्ता चुकला तर खड्डा तिच्याच उचलीत पडतो, दुसरीच्या नाही. नव्या आलेलीला पहिल्या चार महिन्यांत उचल देत नाही. आणि जिच्या घरी त्या वर्षी लग्न किंवा ऑपरेशन आहे तिची चिठ्ठी काढायचीच नाही, सगळ्यांना विचारून तो महिना तिला द्यायचा.

त्याच वहीच्या पुढच्या बाजूला सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, कुणाच्या तेराव्याला लागणारी मापं. पन्नास माणसांना पुऱ्या असतील तर तांदूळ चार किलो, नसतील तर सहा. तूरडाळ दीड किलो. बटाटा पाच किलो, तो आदल्या रात्री उकडून ठेवायचा नाही, उन्हाळ्यात सकाळपर्यंत चिकट होऊन वास धरतो. मीठ शेवटी घालायचं आणि एकीनंच घालायचं, दोघींनी चाखून घातलं की भाजी गेली. हे सगळं कुठल्या पुस्तकात नसतं. तीस-चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रसंगांत उभं राहून ते साठलेलं असतं.

अशा बाईचं स्मरण कसं करावं याचं एक मोठं उदाहरण मुंबईतच आहे. प्रेमाताई पुरव गोव्याच्या. मुक्तिलढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. गिरणगावातल्या गाळ्यांमध्ये कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार पाळीपाळीनं झोपायचे, आणि त्यांना दोन वेळचं जेवण घालायच्या त्या खाणावळवाल्या. मेंबर जेवायचे रोज, पैसे द्यायचे पगाराला. मधला महिनाभर वाणी उधारीवर धान्य द्यायचा, तो चढा भाव लावून, नाहीतर सावकार व्याज लावून पैसे द्यायचा. गिरणीत संप झाला की मेंबर गावाला आणि उधारी बाईच्या डोक्यावर. बँक या बायांना दारात उभं करत नव्हती, कारण तारण नाही आणि जामीन नाही. प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि जामिनाचा प्रश्न सोडवला. एकीला दुसरी जामीन, दुसरीला तिसरी. एकाच वस्तीतल्या बायांचा गट, म्हणजे कुणाची चूल खरंच बंद पडली आहे आणि कोण उगाच हप्ता टाळते आहे हे बाकीच्यांना बँकेच्या आधी कळतं. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांचं खरं स्मरण मला दिसतं ते पुण्यात. मुलगी मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून तिथे अन्नपूर्णा परिवार उभा केला, भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या बायांसाठी, त्याच गटाच्या पद्धतीवर. आईची रीत मुलीला तोंडपाठ होती म्हणून ती पुढे गेली.

इथं येऊन माझा राग थोडा अडखळतो. आमच्यापैकी किती जणांना आपल्या आईची रीत तोंडपाठ आहे? खिळ्यावरच्या कुठल्या रंगाची किल्ली कुणाची, हे खालच्या मजल्यावरच्या काकूंना माहीत असतं. वहीतल्या अर्ध्या खुणा त्यांनाच वाचता येतात. इथं बागेत आईच्या नावाचं बाकडं बसवता येतं. कौन्सिलला पैसे भरायचे, पितळी पट्टीवर दोन ओळी कोरायच्या, बहुधा दहा वर्षांची मुदत असते, मग नूतनीकरण. मी आधी म्हटलं की इथले लोक बाई काय करत होती ते सांगतात. ते खरं आहे. पण ते सांगू शकतात कारण ते त्याच गल्लीत राहिलेले असतात. आम्हाला भाषण द्यायला उभं केलं तर आम्ही पुरणपोळीबद्दल बोलू.

आणि आता त्या पेटीबद्दल.

दुसऱ्यांसाठी जगलेल्या या बायांपैकी पुष्कळ जणींनी एक इच्छा बोलून ठेवलेली असते: डोळे द्या, जमलं तर देहही द्या. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा, बहुतेक गणपतीच्या आगेमागे येतो. मंडळाच्या मांडवात टेबल मांडलेलं असतं, तिथं त्या फॉर्म भरतात, कार्ड पाकिटात ठेवतात आणि मुलांना फोनवर सांगतात. आम्ही 'हो गं आई' म्हणतो आणि विषय बदलतो.

नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. मुंबईच्या विमानात बसल्यावर नुसतं उडायलाच नऊ तास लागतात. तिकीट, विमानतळ, इमिग्रेशन, पुढचा टॅक्सीचा रस्ता धरला तर दारात पोचायला अठरा ते चोवीस तास. परदेशी पासपोर्ट असेल आणि व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं ओसीआय कार्ड नसेल तर ई-व्हिसात दिवस मोडतात. म्हणजे 'मी येईपर्यंत थांबा' या तीन शब्दांत तिचे डोळे जातात. मजकूर लिहिणाऱ्यानं मुलगा अग्नीला नव्हता याबद्दल गळा काढला. त्याला हे सुचलं नाही की मुलानं थांबायला सांगितलं त्याच क्षणी दोन माणसांची दृष्टी गेली.

इथल्याशी तुलना करायची तर इंग्लंडमध्ये डोळे चोवीस तासांपर्यंत घेतात, कारण देह लवकर थंड खोलीत पोचतो. २०२० पासून प्रौढ माणसानं नकार नोंदवला नसेल तर अवयवदानाला त्याची संमती आहे असं धरून चालतात, तरी घरच्यांना विचारतातच. महाराष्ट्रात मे महिन्याच्या दुपारी पंख्याखाली ठेवलेल्या देहाचं गणित वेगळं. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, हाच बसवायचा असतो. पापण्या अर्धवट उघड्या राहिल्या आणि वर पंखा फिरत असला की तो लवकर कोरडा पडून धुरकट व्हायला लागतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत जे कुणी घरात असेल त्यानं पापण्या नीट मिटवायच्या, त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, एसी असेल तर लावायचा. डोक्याखाली दोन उशा द्यायच्या, म्हणजे डोकं सहा इंच वर राहतं आणि नंतर रक्त कमी येतं. मग नेत्रपेढीला फोन. ती माणसं घरी येतात, जवळच्या नातेवाइकाची दोन साक्षीदारांसमोर सही घेतात, रक्ताचा नमुना घेतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चष्मा असो, मधुमेह असो, डोळे चालतात. कावीळ बी किंवा सी, एचआयव्ही, रेबीज, रक्ताचा कर्करोग, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर चालत नाहीत. काढलेला कॉर्निया साध्या द्रावणात फार तर चार दिवस टिकतो. पाकिटात कार्ड नसलं तरी नातेवाईक देऊ शकतात, आणि कार्ड असलं तरी नातेवाईक नाही म्हणाले तर कुणी घेत नाही. खरी मेख हीच. कार्ड आईचं, पण शब्द तिथं उभ्या असलेल्या माणसाचा, आणि तो माणूस फोनवर आम्हाला विचारतो.

देहदानाला याहून जास्त जुळवाजुळव लागते. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग देह घेतो. त्यासाठी डॉक्टरचा मृत्यूचा दाखला हवा. आई घरी गेली तर नेहमीच्या डॉक्टरनं येऊन तो लिहून द्यावा लागतो. रात्री दोन वाजता डॉक्टर फोन उचलत नाही, किंवा 'मी त्यांना सहा महिन्यांत तपासलं नाही' म्हणतो, मग घाबरलेले शेजारी तिला रुग्णालयात नेतात. तिथं 'आणताना मृत' अशी नोंद होते, शवविच्छेदन ठरतं, आणि शवविच्छेदन झालेला देह महाविद्यालय घेत नाही. फॉर्म भरून दहा वर्षं झालेली असली तरी नाही. दुसरं कारण उशीर. देह टिकवायला मांडीतल्या किंवा मानेतल्या धमनीतून फॉर्मलिनचं द्रावण आत सोडतात. बाहेर उकाड्यात वेळ गेला की रक्ताच्या गुठळ्या होतात, द्रावण हातापायांपर्यंत पोचत नाही आणि तेवढा भाग खराब होतो. डोळे आधी देऊन मग देह देता येतो. इतर अवयव काढलेला देह मात्र बहुधा परत पाठवतात.

इंग्लंडमध्ये देहदानाला फक्त त्या माणसाची स्वतःची, जिवंतपणी साक्षीदारासमोर केलेली लेखी संमती चालते. २००४ च्या कायद्यानं मागे राहिलेल्या मुलांना तिच्या वतीनं हो म्हणण्याची मुभाच ठेवलेली नाही. सुटीच्या दिवशी किंवा नाताळात देह घ्यायला नकार मिळतो तोही इथलाच अनुभव आहे, हे मी लपवणार नाही. पण वर्षातून एकदा महाविद्यालयं देणाऱ्यांची स्मरणसभा घेतात, विद्यार्थी येतात, घरच्यांना बोलावतात. ही रीत आपल्याकडे सगळीकडे रुळावी असं मला फार वाटतं, कारण ज्या आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना जेवायला घातलं तिचा शेवटचा वर्ग शंभर-दीडशे मुलांचा असतो.

देह दिला तर दहाव्या-तेराव्याचं काय, असा प्रश्न येतोच. करायचं असेल त्यानं करावं. पालाशविधीची सोय वर सांगितलीच आहे. तेराव्याच्या जेवणाला विरोध करणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, कारण पन्नास पानांचं ते जेवण अशा बाईच्या मागं वस्तीला एकत्र बसायला मिळणारी शेवटची पंगत असते. पण ते उशिरानं केलं तरी चालतं. पंधरा दिवसांनी मुलगी पोचल्यावर केलं तरी चालतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली की झालं. सगळ्या गोष्टी आमच्यासाठी थांबू शकतात. तेवढे सहा तास थांबत नाहीत.

म्हणून मला आता त्या मजकुराचा राग वेगळ्या कारणानं येतो. त्यातला परका शेजारी परका नसतोच. आई कोण होती हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तिच्या तापाला उशाशी बसलेला तो असतो, तिनं ज्याच्या मुलाची फी भिशीतून भरली तो असतो. तिथं ठरवायचा हक्क रक्ताच्या नात्यानं आम्ही धरून ठेवतो आणि करायचं काम त्याच्यावर सोडतो. आणि तो बिचारा देह झाकून फोन हातात घेऊन बसून राहतो, कारण 'त्यांच्या मुलांना विचारल्याशिवाय कसं?'

हे बदलायला आईच्या घरी एक कागद पुरतो. आईनं स्वतः, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला: डोळे द्यायचे, देह द्यायचा, कुठल्या महाविद्यालयाला. नेत्रपेढीचा चोवीस तास चालणारा नंबर, आणि तो खरंच चोवीस तास चालतो का हे एकदा रात्री अकराला लावून बघितलेलं. शरीररचनाशास्त्र विभागाचा दिवसाचा आणि सुटीचा नंबर, कारण रविवारी विभाग बंद असतो आणि फोन रुग्णालयाच्या ड्युटीवरच्या माणसाकडे जातो. दाखला देणाऱ्या डॉक्टरचं नाव, आणि तो नसेल तर दुसऱ्याचं. दर तीन-चार महिन्यांनी त्या डॉक्टरकडे एक फेरी, म्हणजे तपासलेलं नाही असं म्हणायला जागा राहत नाही. आधार कार्डाची प्रत. महाविद्यालय आणि नेत्रपेढी सही नातेवाइकाचीच मागतात, म्हणून गावातल्या एका भाच्याला किंवा पुतणीला आधीच सांगून ठेवायचं, आणि आमची लेखी संमती सहीनिशी त्याच कागदाला टाचून द्यायची, म्हणजे आम्हाला विचारायला फोन करावाच लागणार नाही. बातमी द्यायला करावा, पण डोळे झाल्यावर.

कागद कपाटात ठेवायचा नाही. मृत्युपत्रं आणि विम्याचे कागद कपाटात असतात आणि किल्ली सापडेपर्यंत सकाळ होते. तो दाराआड लावायचा, किल्ल्यांच्या खिळ्यांच्या शेजारी, कारण घाईत आत आलेल्या माणसाची नजर आधी तिथंच जाते.

आमच्या घरच्या त्या कागदावर फोन करायच्या नावांची यादी आहे. पहिलं नाव खालच्या मजल्यावरच्या काकूंचं. दुसरं डॉक्टरचं, तिसरं मामेबहिणीचं, ती सही करणार आहे. माझं चौथं आहे, पुढे देशाचा कोड लावून. आईनंच तसं लिहिलंय.